अकरा नंबरचं पार्सल

यमाला भिणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण पोस्टमनला भिणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. लालबागच्या आमच्या चाळीत मी बारा नंबरात, ते अकरा नंबरात, आणि मध्ये नुसती फळ्यांची भिंत. त्यामुळे त्यांची भीती मी वर्षानुवर्षं फुकट ऐकली.

गृहस्थ सरकारी कचेरीत कारकून. एकटेच राहायचे, म्हातारी आई मालवणकडे गावाला. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली आणि हे मनातून कट्टर चळवळवाले. पण घोषणा द्यायच्या त्या मोरीत, नळ सोडून, तोंडावर पंचा धरून. त्यातच त्यांच्या कचेरीतल्या एकाने कुठल्याशा निवेदनावर सही केली आणि साहेबाने त्याला आत बोलावलं. झालं! यांनी सहीचा जो धसका घेतला तो घेतलाच. वहीत सही नको म्हणून वाचनालय सोडलं. चाळीच्या नळाच्या तक्रारीवर सगळ्या बिऱ्हाडांनी सह्या केल्या, यांनी नाही. वर मलाच शहाणपण शिकवलं, “अहो, खाली सही आपली, पण वरचा मजकूर उद्या कोण बदलील, सांगा?”

अशात आईचं रजिस्टर पार्सल आलं. जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात शिवलेलं, वर लाखेचे ठिपके, आणि सुक्या बांगड्यांचा वास जिन्यापासून. पोस्टमनने सहीसाठी हाक मारताच अकरा नंबरची कडी आतून लागली. मी भिंतीतून समजावलं, अहो, आईने बांगडे पाठवलेत. तर हे कुजबुजले, वास बांगड्यांचा असेल, पण आत पत्रकं कोंबली नसतील कशावरून? तीन दिवस तो बिचारा पोस्टमन तीन मजले चढला. मी सही करू का म्हटलं, तर ज्याचं नाव त्याचीच सही पाहिजे म्हणाला, आणि शेवटी शेरा मारून पार्सल परत घेऊन गेला. माझ्या तोंडचं पाणी पळालं ते वेगळ्याच कारणाने. बांगडे आले असते तर चार मलाही मिळाले असते.

त्याच आठवड्यात मुंबईत गोळीबार झाला आणि आमची थट्टा बंद पडली. खाली बुटांचा आवाज आला की मीसुद्धा दिवा मालवून बसायचो, उगाच शौर्य कशाला सांगू? पलीकडच्या चाळीतला एक गिरणीकामगार पाळीवरून परत आलाच नाही. मधूनच अकरा नंबरवाले फळीवर हळूच टकटक करायचे, मी उलट टकटक करायचो. दोघंही आहोत, एवढंच त्यातून कळायचं.

पंधरा दिवसांनी, रविवारी भर दुपारी माझ्या दारात एक म्हातारी उभी राहिली. बोटीने आली होती. काखेतला हिरवा लुगड्याचा तुकडा मी ओळखला. गोळीबाराची बातमी गावात पोचली, आणि पाठोपाठ हे पार्सल परत! काय समजायचं ते ती समजली होती. शेजारच्या बंद दाराकडे न बघता तिने मला हळूच विचारलं, “अकरा नंबरात आता कोण रवता?”

मी जाऊन दार ठोठावलं.

आतून कापरा आवाज आला, “ते घरात नाहीत.”

तो आवाज ऐकला आणि म्हातारी होती तिथेच मटकन खाली बसली. पार्सल मांडीवर घेऊन इतकी रडली की मजला गोळा झाला. दार उघडलं आणि मुलगा उंबऱ्यात आला. त्याला पायापासून डोक्यापर्यंत निरखून ती म्हणाली, “मेल्या, जितो आसस तर सही करूक तुका काय झाला होता?”

त्यानंतर दर दोन महिन्यांनी पार्सल यायचं. भीती काही गेली नाही. पण बापाच्या नावासकट लांबलचक सही करायचे, आणि चार बांगडे भिंतीपलीकडे यायचे. पुढे महाराष्ट्र झाला, त्या दिवशी यांनी पहिली घोषणा मोरीच्या बाहेर दिली. त्याच साली म्हातारी गेली.

मग पोस्टमन मजल्यावर आला की अकरा नंबरचं दार आधीच उघडं असायचं. हे उंबऱ्यात उभे, पेनाचं टोपण काढलेलं. पोस्टमन मान हलवून पुढे जायचा. हे टोपण लावून पेन खिशात अडकवायचे आणि माझ्याकडे न बघता म्हणायचे, “उद्या असेल.”