पंखे नवे होते

बुधवारा मोहल्ल्यातल्या एका कॉम्प्युटरवाल्याने मला फसवलं. सहा ग्राफिक कार्डं त्याने मला नवी म्हणून विकली. ती जुनी होती, दुसऱ्या कुणाच्या तरी घरात दिवसरात्र राबून आलेली. फसला तो मी, आणि मला फसवणं सोपं नाही हे बुऱ्हाणपुरात लूमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. निदान तोवर होतं.

माझा धंदा जुन्या पॉवरलूमचा. कुणी शेड बंद केली की मी त्याचे माग घेतो, उकलतो, दुरुस्त करतो आणि पुढे विकतो. सोळाव्या वर्षी माग उकलणाऱ्या टोळीत पाने-हातोडे उचलायला लागलो. घरून ना भांडवल मिळालं, ना कुणाची ओळख. जे कमावलं ते नजरेवर. मी माग बघून सांगितलं की हा अजून दहा वर्षं चालेल, तर गिऱ्हाईक दुसऱ्याला विचारायला जात नाही. ही नजर खोटी ठरली तर माझ्याकडे विकायला नुसतं लोखंड उरतं. म्हणून हे लिहितो आहे.

चार-पाच वर्षं झाली असतील. बुधवाऱ्यात एका घरी चार माग बघायला गेलो होतो. माग बंद होते, बीमवर धूळ बसली होती, पण आतल्या खोलीच्या दारातून गरम हवा येत होती.

"आत भट्टी लावलीस का?" मी मालकाला विचारलं.

"या ना भाऊ, दाखवतो."

आत लोखंडी मांडणीवर आठ काळी कार्डं ओळीने उभी केलेली, प्रत्येकावर दोन-दोन पंखे, खाली वायरींचा गुंता. कूलरसारखा एकसुरी आवाज. सवयीने मी भिंतीला हात लावला. ज्या घरात माग चालतो त्याची भिंत थरथरते, पेल्यातलं पाणी हलतं, माणसं ओरडून बोलतात आणि मग बाहेर बाजारातही ओरडूनच बोलतात. ही भिंत गप्प होती. खोली भट्टीसारखी तापलेली, कुणीतरी जिवाच्या आकांताने राबतंय हे अंगाला कळत होतं, आणि भिंतीला पत्ता नव्हता. असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"हे विणतं काय?"

"विणत काही नाही भाऊ. अंदाज करतं." तो म्हणाला. "समजा, नंबरचं एक कुलूप आहे. जगभरची मशीनं तोच नंबर शोधत बसलीत. ज्याला सापडला त्याला नाणं. हातात घ्यायचं नाणं नाही, कॉम्प्युटरमधलंच, पण बाजारात विकतं. आपण एकटे नाही शोधत, हजारो लोकांची टोळी असते. ज्याचं मशीन जितकं राबलं तितका त्याचा वाटा."

"आणि अंदाज चुकला तर?"

"चुकतोच. एका सेकंदात कोट्यवधी वेळा चुकतो."

मी त्या दिवशी मागांचा सौदा न करताच घरी आलो. पायऱ्या चढताना डोक्यात एकच होतं. धोटा एकदा इकडून तिकडे गेला की एक धागा बसतो, ते मला समजतं. पण सेकंदात कोट्यवधी वेळा चुकायचं, आणि न रागावता पुढचा अंदाज करायचा? मी तर दुसऱ्या चुकीला पाना फेकून मारतो.

महिनाभर मी त्याच नादात होतो. बायको म्हणाली, "नवी बाई ठेवली असती तर एवढा विचार केला नसता तुम्ही." माहिती काढली तेव्हा कळलं की या मशीनमध्ये आपल्या घरच्या कॉम्प्युटरसारखा भारी प्रोसेसर लागत नाही. तो नुसता मुकादम. हलक्यातला हलका चालतो. मदरबोर्ड मात्र असा हवा की त्यावर सहा कार्डं लागतील. कार्डं थेट बोर्डात बसवली तर एकमेकांच्या गरमीने मरतात, म्हणून लांब वायरीने जोडून दूरदूर टांगायची. आणि खरा जीव पॉवर सप्लायमध्ये.

पॉवर सप्लाय मी हातात तोलून घेतला. बुधवाऱ्यातल्या त्या कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात एकाच ताकदीचे तीन होते. मी तिन्ही उचलले आणि सगळ्यात जड तो बाजूला ठेवला.

कॉम्प्युटरवाला हसला. "सेठ, भाजी नाही ही."

"तांबं जड असतं," मी म्हणालो. "हलक्यात तांबं कमी घातलंय. वर लिहिलेला आकडा सगळे सारखाच छापतात."

त्याने तोच बांधून दिला. तो पॉवर सप्लाय आजही चालतो आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यावरून कुणी समजेल की मला काही कळतच नव्हतं.

हा दुकानदार आधी टीव्ही दुरुस्त करायचा. गोड बोलणारा, आवाज कधी न चढवणारा. तेव्हा कार्डांचा बाजारात दुष्काळ होता. आम्ही असे बोललो:

"कार्डाचा भाव बोल."

"सेठ, तुम्ही भाव विचारता? आधी आहे का ते विचारा."

"मग हे कपाटात काय नजर लागू नये म्हणून टांगलंय?"

"ते एकच आहे. दाखवायचं."

त्याने ते काढून माझ्या हातात दिलं. इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं. खालच्या कडेला सोनेरी दात, वर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, कंगव्याच्या दातांहून जवळजवळ, त्यांतून तांब्याच्या नळ्या गेलेल्या. कुठे तेलाचा थेंब नाही, कुठे वंगणाची जागा नाही. मी मुद्दाम शोधली. अख्ख्या वस्तूत हलणारं काय, तर दोन पंखे. मी नखाने पंखा फिरवला, कानाशी धरला, पातं वरखाली हलवून बेअरिंग ढिलं आहे का ते पाहिलं.

दुकानात चार माणसं उभी होती. मी चुकलो तो तिथे. मला बोलायचा मोह झाला. "मशीनचं वय बघायचं तर जे हलतं ते बघायचं," मी मोठ्याने म्हणालो. "झिजतं तेच. बाकी सगळा रंग. मला कुणी रंग दाखवून माल विकू शकत नाही."

"वा सेठ," दुकानदार म्हणाला. "आम्हाला एवढी वर्षं कुणी सांगितलंच नाही."

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. दिल्लीहून सहा आली आहेत, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, पण पहिला हक्क तुमचा. गेलो. कार्डं चंदेरी पिशव्यांत होती, खोके नव्हते. खोके कुठे, विचारलं तर म्हणाला, वाहतुकीत जागा खातात म्हणून माल सुटा येतो, आणि वर म्हणाला, "तुमच्यासारख्याला खोका काय करायचा? तुम्ही तर माल बघणारे." मला ते गोड लागलं.

सहाच्या सहा कार्डांचे बारा पंखे मी एकेक करून तपासले. एकही ढिला नाही. वाऱ्यासारखे फिरत होते. मागच्या बाजूला स्क्रूवर गोल चिकटपट्ट्या, कंपनीच्या असतात तशा. वास घेतला, स्वच्छ. मग मी भाव पाडायला बसलो आणि असा पाडला की तो शेवटी तोंड फिरवून म्हणाला, "घेऊन जा सेठ, आज बायको घरात घेणार नाही मला." नाराज दुकानदार मला ओळखता येतो. तीस वर्षं तेच बघत आलोय. घरी येताना रिक्षात मी मनात हसत होतो की गरिबाला जरा जास्तच दाबलं. आता कळतं की ती नाराजीही पंख्यांसारखीच नवी बसवलेली होती.

मांडणी मी मागाच्या जुन्या लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून घरीच बनवली. माडीवरची खोली रिकामी केली. बायको दारात उभी राहून म्हणाली, "मशीनला दोन एक्झॉस्ट आणि मला स्वयंपाकघरात एक जाळी. बरं आहे."

"ते चोवीस तास राबणार आहे."

"आणि मी?"

तिसरा एक्झॉस्ट स्वयंपाकघरात लागला, मगच कार्डं सुरू झाली.

पहिल्यांदा सुरू केलं ती दुपार मी विसरणार नाही. बारा पंखे एकदम फिरले, मग पडद्यावर ओळी यायला लागल्या, प्रत्येक कार्ड सेकंदाला किती अंदाज करतंय त्याचे आकडे. मी जमिनीला तळहात टेकवला. काही नाही. समोरच्या गल्लीतले माग तेवढे हलकेसे जाणवत होते. बाहेर अख्खा मोहल्ला खडखडत होता आणि माझ्या खोलीत त्या सगळ्याहून मोठं काहीतरी बसल्या जागी चाललं होतं. बायको माझ्या मागे उभी होती. ती म्हणाली, "देवघरासारखं का वाटतंय हो?" ती थट्टा करत नव्हती. आम्ही दोघांनीही त्या दिवशी खोलीत चप्पल घातली नाही. नंतर ते तसंच राहिलं.

पुढच्या वैशाखात एक कार्ड बसायला लागलं. दोन तास चालायचं, तापायचं, बंद पडायचं. पंखे ठणठणीत. पंखे ठणठणीत असताना तापतं कसं, हे मला समजेना. इंदूरला बोर्ड दुरुस्त करणारी एक बाई आहे असं कळलं, ते कार्ड घेऊन तिच्याकडे गेलो. पन्नाशीची, चष्म्यावर दुसरा चष्मा लावणारी, इंदुरी मराठी बोलणारी.

तिने कार्ड उलटं केलं आणि एक गोल चिकटपट्टी नखाने उचलली. खाली स्क्रूचं डोकं ओरबाडलेलं.

"काका, काय काम करता तुम्ही?"

"लूमचं. जुनी मशीनं घेतो, विकतो."

"मग स्क्रू नाही बघितले?"

आयुष्य नट-बोल्टांत गेलं, आणि मी एका चिकटपट्टीला कंपनीचं सील समजलो होतो.

तिने कार्ड उघडलं. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांखाली, चिपभोवतीच्या मऊ गाद्यांतून तेल पाझरून सुकलेल्या डागांच्या रांगा होत्या. बोर्ड मूळचा काळा, पण मधल्या भागाभोवती भाजून तपकिरी झालेला. चिपची गरमी वर नेणारा लेप खडूसारखा फुटला. "हे तुमच्या आधी कुठेतरी वर्षभर तरी राबलंय, तेही बंद खोलीत," ती म्हणाली. "मग कुणीतरी धुतलं, पुसलं आणि पंखे बदलले. नवे आहेत पंखे. चांगले आहेत."

मग तिने कापसाने लेप पुसला आणि मला भिंगातून बघायला लावलं. राग येण्याऐवजी मी बघतच राहिलो. पोस्टाच्या तिकिटाएवढी चकचकीत फरशी, तिच्याभोवती खसखशीएवढे भाग, शिस्तीत लावलेले, एकही वाकडा नाही. तिने सांगितलं की या तिकिटात हिशेब करणारे हजारो छोटे कारागीर आहेत, सगळे एकाच वेळी एकच काम करणारे. मला बुऱ्हाणपुरात शनवाऱ्यापासून पुढे पसरलेल्या लूमच्या शेडी आठवल्या. एवढे माग, एवढी माणसं, एवढं लोखंड, आणि इथे तिकिटावर त्याहून मोठा कारखाना, ज्यात एकही चाक नाही. तो वर्षभर भाजला होता, वर माझ्याकडे राबला होता, आणि अजून दोन तास चालायची ताकद त्याच्यात होती.

"मरेल का?" मी विचारलं.

"लेप बदलून देते. काम करेल. दमलंय फक्त."

बुऱ्हाणपूरला उतरलो तो थेट त्या कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात गेलो. माझा आवाज मला ठाऊक आहे. त्या दिवशी रस्त्यापलीकडचे लोकही बाहेर आले. तो मात्र काउंटरमागे शांत बसून होता.

"सेठ, तुम्ही काय बघितलं होतं?"

"पंखे बघितले."

"मग पंखे नवेच दिले ना? तुम्ही कार्ड कुठे बघितलं?"

कुणीतरी हसलं. मी काउंटरवर हात आपटला आणि विचारलं की कोणाकडून आणली, आणि किती पाळ्या चालली. आमच्या धंद्यात भावात सगळेच खोटं बोलतात, मीही बोलतो. मागाला रंग मी लावतो, धोटा मी बदलतो. पण हा माग कोणाच्या शेडमधून आला आणि किती वर्षं, किती पाळ्या चालला, एवढं विचारलं तर खरं सांगायचं. ते लपवलं तर पुढचा माणूस त्याच्यावर दुप्पट भार टाकतो, आणि मग मशीन मरतं. त्या दुकानदाराने खांदे उडवले. "माल दिल्लीहून आला. दिल्लीला विचारा."

मी ओरडलो म्हणून गोष्ट गावभर झाली. दिवाळीनंतर एक जुनं गिऱ्हाईक आठ माग घ्यायला आलं. वीस वर्षं तो माझ्या शब्दावर माल नेतो. या वेळी त्याने सोबत मिस्त्री आणला होता. मिस्त्री मागांखाली वाकून बघत होता आणि हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "राग नका मानू भाऊ. आजकाल कुणालाही फसवतात. तुम्हालाच नाही का फसवलं?"

माग त्याने घेतले. मिस्त्रीने हो म्हटल्यावर घेतले.

तेव्हा आता मीच सगळं लिहून टाकलं आहे. मागून हसणाऱ्यांना हसायला काही उरू नये. मी कुठे चुकलो ते सांगितलं. त्याने काय केलं तेही सांगितलं. सहाच्या सहा कार्डांचे लेप बदलून घेतले आहेत, वेग कमी ठेवला आहे, आणि ती अजून माडीवर न थकता चुकीचे अंदाज करत आहेत. एवढं राबलेल्या वस्तूचं वय पुसून तिला नवी म्हणून पुन्हा जुंपायची, हे मला माझ्या फसण्याहून जास्त लागलं आहे.

मला पैसे परत नकोत, माफीही नको. दुकानदारा, माझ्या त्या गिऱ्हाइकासमोर आणि त्याच्या मिस्त्रीसमोर येऊन तू उत्तर दे. दिल्लीचं नाव पुढे करू नकोस. ही सहा कार्डं कोणाच्या घरात चालली, आणि किती पाळ्या चालली?