दादाच्या पायातला जीव

माझा दादा पाणबुड्या होता. मुंबईत शिकलेला, धरणांच्या दरवाजांची कामं करायचा. एकदा रिसोडजवळच्याच धरणाचं काम निघालं, म्हणून आमच्या गावाहून, रिठदहून, डबा घेऊन मी गेले. त्यांची सामानाची गाडी चिखलात रुतली होती. पाण्याखाली श्वासाला हवा पुरवणारा जड कॉम्प्रेसर दादा अन् त्याचा साथीदार दोराने ओढत काठाशी नेत होते. दोघंही घामाने निथळत होते. तसाच दादा पाण्यात उतरला अन् बराच वेळ तळाशी राहिला.

वर आल्यावर त्याचा खांदा दुखायला लागला. ओझं ओढल्याने दुखत असेल, असं तो म्हणाला. मलाही तेच वाटलं. मी खांदा चोळून दिला. मग निघायला म्हणून तो उठायला गेला, तर उभंच राहता येईना.

"मले पाय समजून नाई राह्यले," तो हळूच म्हणाला.

रिसोडच्या डॉक्टरांनी पाण्यातल्या कामाचं ऐकताच ऑक्सिजन लावला अन् मुंबईला फोन केला. खोल पाण्यात हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो, वर येताना त्याचे बुडबुडे होतात. ते मज्जारज्जूपर्यंत पोचले असावेत, असं त्यांनी सांगितलं. हवेचा दाब वाढवून ते बुडबुडे जिरवतात, ती दाबाची खोली मुंबईतच होती.

समृद्धी महामार्गावरून अॅम्ब्युलन्स धावत होती, तरी मला रस्ता सरतच नाही असं वाटत होतं. मी त्याच्या तळपायाला चिमटा काढला.

"काढला का?" त्याने विचारलं.

"हो."

"अजून जोरात काढ."

नखं रुतेपर्यंत काढला. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. अजून काढलाच नाही, असं खोटं मी बोलू शकले नाही.

मुंबईत त्या दाबाच्या खोलीतून तो बाहेर आला, तेव्हा उजवा पाय थोडा हलला. मी तिथल्या डॉक्टर बाईंना विचारलं, ओझं ओढल्यामुळेच झालं का? त्या म्हणाल्या, उतरण्याच्या तोंडावर एवढे कष्ट केले तर धोका वाढू शकतो. काही तास आधीचा हलका व्यायाम उलट फायद्याचा असेल, असंही काहींना वाटतं. पण एका माणसाच्या बाबतीत कशामुळे झालं, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. मला तर कोणावर तरी खापर फोडायचं होतं.

नंतरही उपचार झाले. उजवा पाय सुधारला. डावा आजही फरफटतो. पाण्यात उतरणं कायमचं संपलं. जवळ कोणी नसलं की दादा भिंत धरून चालून बघतो. पडल्याचा आवाज येतो. मी धावत गेले की म्हणतो, "हात नको देऊ." मग मी दारातच उभी राहते, अन् तो उठेपर्यंत माझ्याने बघवत नाही.