उजव्या कमरेची तलवार

दोन मार्च, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे. सूर्यमाळच्या चढावर मी खोडाळ्याच्या शेवटच्या एसटीची वाट पाहत होतो. मोबाइलला रेंज तेवढ्याच जागी मिळते. तिथे तिशीतला एक मजूर टाचांवर बसला होता. फोन समोरच्या दगडाला टेकवलेला होता आणि उजव्या कमरेला स्वतः तासलेली लाकडी तलवार होती. आठ महिने तो जपानी तलवारविद्येचे चित्रित धडे पाहून शिकत होता, असे त्याने मला सांगितले. शिक्षक आज व्हिडिओ कॉलवर त्याला प्रथमच पाहणार होते. त्याचे काम पसंत पडले तरच पुढचे धडे मिळणार होते.

तो एका श्वासात उठला, तलवार उपसली, वार केला आणि पुन्हा बसला. इतके नेटके काम मी क्वचितच पाहिले आहे.

"सगळे उलटे झाले," पडद्यावरून शिक्षक म्हणाले. "तलवार डाव्या कमरेला असते. आरशात पाहावे तशी तुम्ही माझी नक्कल केलीत. पहिल्या धड्यापासून पुन्हा करा."

त्याने वाकून नमस्कार केला. फोन बंद झाला.

"आठ महिने वाया गेले तुझे," मी म्हणालो.

"बसाया तं शिकलो ना, बाबा. पयले गुडघे रडत व्हते." तलवार डाव्या कमरेला खोवत तो म्हणाला, "जरा उभं ऱ्हावा. हात चुकला का सांगा."

एसटी आली. मी चालकाला पुढे जाण्याची खूण केली. मजूर तेरा वेळा चुकला. मी तेरा वेळा सांगितले. अंधार पडून त्याचा हात दिसेनासा झाल्यावर मी पायी खोडाळ्याला गेलो.