मयताला जाऊन परत

मेलबर्नच्या ज्या अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, आरोग्य केंद्रात मी समुपदेशक आहे, तिथे गेल्या वर्षी 'सांस्कृतिक सुरक्षिततेची खोली' उघडली. भाषणं झाली, फीत कापली, ठिपक्यांच्या नक्षीच्या उशा मांडल्या. त्या खोलीत आजवर उशाच बसल्या आहेत. माणसं माझ्याशी बोलतात ती गाडीत. दोघांची नजर रस्त्यावर, कुणी कुणाकडे रोखून बघायचं नाही.

त्या दिवशी शेजारी बसलेला पन्नाशीचा गृहस्थ दारू सोडवण्याच्या केंद्रात राहत होता. आधी दोनदा अर्ध्यात निघून आलेला, या खेपेला टिकला होता. क्लेटनच्या सिग्नलला म्हणाला, "भाऊ गेला. गावाकडे मयत आहे."

"जायचंय?"

"न जाऊन कसं चालेल? पण रात्री बाहेर राहिलो तर बेड जातो."

मी गप्प राहिलो. पुणं सोडल्यावर मी शिकलेली ही सगळ्यात अवघड गोष्ट.

"तुमच्यात माणूस गेला की काय करतात?"

"आम्ही बौद्ध. पुण्यानुमोदन असतं. लोक जमतात, भाषणं करतात."

"पितात?"

"चहा."

"शुद्धीवर राहून भाषणं ऐकता? कठीण आहे, ब्रदर."

परतल्यावर मी आमच्या टीमच्या प्रमुख बाईंना सांगितलं. त्याही अ‍ॅबोरिजिनल, सगळे त्यांना आंटी म्हणतात, मीही. त्यांनी लगेच त्याच्या दारू सोडवण्याच्या केंद्राच्या मॅनेजरला फोन लावला, स्पीकरवर.

"पण तसं आमचं धोरण आहे," मॅनेजर म्हणाला.

"तुमच्या दारात 'आम्ही संस्कृतीचा आदर करतो' अशी पाटी आहे. तेही धोरणच ना? दोन्हींतलं खरं कुठलं, तेवढं सांग, डार्लिंग."

मग मॅनेजरने विचारलं, राहणार कुठे, आणि सोबत कोण?

"मी. गेलेला माझाही पुतण्याच लागायचा. राहू माझ्या बहिणीकडे. तिच्या घरात दारूचा थेंब मिळत नाही, हे सगळ्या गावाचं दुःख आहे."

बेड राहिला.

सोमवारी दुपारी मी त्याला भेटायला गेलो. डोळे सुजलेले होते, पण दाढी केलेली.

"खांदा दिला," तो म्हणाला. "पहिल्यांदाच कुणाच्या मयतात माझे हात थरथरले नाहीत."

त्या संध्याकाळी केंद्रात स्वयंपाकाची पाळी त्याची होती. मला बटाटे सोलायला बसवलं, आणि साली फार जाड काढतोस म्हणून जेवणापर्यंत ऐकवत राहिला.