कमलेशच्या घराचा स्लॅब

आमचे हे गेले आणि माझा जप थांबला. दत्तगुरूंच्या तसबिरीसमोर दिवा रोज लावत होते, पण तो हाताच्या सवयीने. यांच्या केंद्र सरकारच्या नोकरीपायी उभा जन्म दिल्लीत गेला, निवृत्तीनंतर नोएडात फ्लॅट घेतला आणि तिथे नीट रुळायच्या आतच त्यांचं दुखणं निघालं. तेव्हा मी फार आळवलं होतं. पुढे तसबिरीकडे पाहिलं की मनात एकच यायचं, तुम्ही खरंच ऐकता का?

भजनी मंडळातल्या सुलभाताईंनी मला बळेच घराबाहेर काढलं. कारखान्यांच्या मागे एक वस्ती आहे, तिथे एक संस्था झोपड्यांच्या जागी लहान पक्की घरं बांधते. ज्याचं घर त्याने राबायचं, स्वयंसेवकांनी त्याच्या बरोबरीने राबायचं, आणि सामान आसपासच्या लोकांकडून मिळवायचं. कुणी कारखानदार सिमेंट देतो, कुणी ठेकेदार रविवारपुरता काँक्रीट कालवायचा मिक्सर देतो. वस्तीतल्या एका खोलीत सकाळी बालवाडी भरते आणि दुपारी बायकांचा शिवणवर्ग. शिवण मला येत होतं, म्हणून मी जाऊ लागले.

त्या वर्गात कमलेश भेटली. नवरा अपघातात गेलेला, घरात म्हातारी सासू, आणि ही कपड्यांच्या कारखान्यात धागे कापायला जायची. तिच्या घराचं काम निघालं तेव्हा जुनी झोपडी पाडावी लागली. दोघी सासवा-सुना ताडपत्रीखाली राहू लागल्या. भिंती वर आल्या, पण तोवर थंडी सुरू झाली. दिल्लीची थंडी काय असते ते मी सांगायला नको. सासूचा खोकला थांबेना.

स्लॅब टाकायचा तो रविवार उजाडला. रचना नावाची तरुण इंजिनियर कामावर देखरेख करायची. तिने सगळ्यांना आधीच बजावलं होतं की एकदा सुरू केलं की मध्ये थांबायचं नाही, नाहीतर जोड राहतो आणि छत कायमचं गळतं. सिमेंट एवढ्याच कामापुरतं मिळालं होतं. दुपारपर्यंत सगळं झकास चाललं. अर्धं छत भरलं आणि मिक्सर बंद पडला. ठेकेदाराचा माणूस बराच वेळ खटपट करत राहिला. शेवटी त्याने मान हलवली. सकाळपासून मदतीला आलेली कॉलेजची मुलं त्यांच्या बसने नुकतीच परत गेली होती. उरलो आम्ही मंडळातल्या बायका, वस्तीतले थोडे लोक आणि कमलेश.

रचना शिडी चढून भरलेल्या मालाची कड पाहू लागली. कमलेश माझ्याकडे पाहून म्हणाली, "आंटी, अब छोड़ दें क्या?"

माझ्या तोंडून उत्तर निघालं ते मलाच नवीन होतं. "नहीं बेटा. हाथ से मिलाएँगे."

पदर खोचून मी ओळीत उभी राहिले. खडी, वाळू, सिमेंट जमिनीवर कालवायचं, घमेल्यात भरायचं आणि हातोहात शिडीवरून वर पोचवायचं. घमेलं हातात आलं की खांदे भरून यायचे. पुढच्या बाईकडे ते सरकवताना कधी नाम सुरू झालं, मला कळलं नाही. एकेका घमेल्याबरोबर दत्तगुरू, दत्तगुरू. मागणं काही नव्हतं. मात्र माणसं कमी पडत होती. वरून रचना सांगू लागली की आधीच्या मालाची कड घट्ट होत चालली आहे.

तेवढ्यात रस्त्याच्या कडेला एक ट्रॅक्टर-ट्रॉली थांबली. एक वृद्ध सरदारजी उतरून प्यायला पाणी मागायला आले. त्यांच्याबरोबर धट्टीकट्टी माणसं होती. पानिपतच्या बाजूला कुठल्या गुरुद्वाऱ्याच्या बांधकामावर सेवा करून ती परतत होती. वळण चुकून आमच्या रस्त्याला लागली. ट्रॉलीत त्यांची फावडी आणि घमेली होती. सरदारजींनी शिडी चढून त्या कडेवर हात ठेवला, खाली आले आणि आपल्या माणसांना एवढंच म्हणाले, "उतरो. ये काम रुकना नहीं चाहिए."

अंधार पडायच्या आत छत पुरं झालं. पाणी द्यायचं आम्ही पार विसरलो होतो, ते शेवटी कमलेशच्या सासूने स्वतःच्या हाताने सगळ्यांना पाजलं. मी सरदारजींना नाव-गाव विचारलं. हसून त्यांनी हात जोडले आणि ट्रॉली निघून गेली. पुन्हा ते कधी दिसले नाहीत.

हे कसं घडलं, यावर मी वाद घालणार नाही. रस्ता चुकणारी माणसं रोजच असतात. मला जे मिळालं ते एवढंच की यांच्या आजारपणात मी हात जोडून एका उत्तरावर अडून बसले होते, आणि त्या दिवशी हात कामात होते, उत्तराचा हट्ट सुटला होता. यांच्या जाण्याचं दुःख आहेच. पण आता ते घेऊन मी तसबिरीसमोर बसू शकते.

कमलेशचं छत गळत नाही. पुढच्या रविवारी तिच्या शेजारणीच्या घराचा स्लॅब आहे आणि ओळीत तिची जागा माझ्या पुढची आहे. माणसं पुरतील की नाही, आज माहीत नाही. आम्ही सकाळीच जाऊन उभ्या राहणार आहोत. उभं राहणं आमचं. ओळ पुरी करणारा तो आहे.