बुऱ्हाणपुरी गुराब

किस्से ठरवून गोळा करता येत नाहीत. रंधा चालला की ढलप्या पडतातच, कितीही झाडा, कोपऱ्यात थोड्या उरतातच. आमच्या बुऱ्हाणपूरच्या जहाज मंडळाचं तेच झालं. जहाजं बोटांवर मोजण्याइतकी झाली, किस्से मात्र पोत्यानं! मंडळातले आता मोजकेच उरलोत, भेटलो की पोतं उघडतो.

मंडळ म्हणजे चार माणसं. प्रमुख भालेराव मास्तर, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. दुसरे निंबोल्याचे रामदास पाटील, केळीचे बागायतदार. तिसरा वसंता चौधरी, कापडाच्या दुकानाचा मालक. आणि चौथा मी, कचेरीतला कारकून. काम एकच, जुन्या लढाऊ जहाजांच्या लाकडी प्रतिकृती करणं. मास्तरांना एका जुन्या कॅलेंडरवर मराठा आरमारातल्या गुराबेचं चित्र सापडलं आणि त्यांचं डोकं फिरलं. गुराब म्हणजे तोफा लावलेलं शिडाचं लढाऊ जहाज. तेवढंच वेड आम्हा तिघांना लागलं, कारण मास्तरांच्या घरचा चहा चांगला असे.

एकच अडचण होती. आमच्यापैकी कोणी समुद्र पाहिलेला नव्हता!

*

पहिल्या गुराबेचा सांगाडा तयार झाला तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या शेवंताबाई बघायला आल्या. भोवती फिरल्या, कडेवर हात फिरवला.

"मास्तर, पाळणा फार मजबूत बनवला! पण दोरी कुठून बांधायची?"

मास्तरांनी समजावलं, हे जहाज आहे, यावर तोफा बसणार. शेवंताबाईंनी कानाला हात लावले. "लेकराच्या पाळण्यात तोफ? काय बाई जमाना आला!"

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचे एक मेंबर आले. त्यांनी विचारलं, घोड्याला चंदी घालायला हे किती दिवस टिकेल?

त्या संध्याकाळी मास्तरांनी चहासुद्धा घेतला नाही. मला म्हणाले, "हे बघ, बक्षीस नको, सत्कार नको. एकदा कोणीतरी समुद्रावरचा माणूस इथं यावा आणि हे जहाज आहे एवढं त्यानं ओळखावं. नाहीतर मी आयुष्यभर पाळणेच केले म्हणायचं."

मला त्यांची फार दया आली. हसूही आलं, पण ते मी घरी जाऊन हसलो.

*

ते दिवसच सगळं बदलण्याचे होते. कालपर्यंत राजधानी नागपूर होती, ती एकदम भोपाळ झाली. माणसं मराठीत तक्रार करायची, नवे साहेब हिंदीत उत्तर द्यायचे आणि मी मध्ये बसून दोन्हीकडे मान हलवायचो. तेवढ्यात शेराचा किलो झाला, आण्यांचे नवे पैसे झाले, फुटाचा मीटर होऊ घातला. मापांचा नुसता गोंधळ!

त्या गोंधळात आम्ही दुसरी गुराब करायला घेतली. काम लवकर व्हावं म्हणून वाटणी केली, उजवी बाजू मास्तरांची, डावी पाटलांची. मास्तर आकडा सांगायचे, "आठ!" पाटील आठ कापायचे. "साडेपाच!" पाटील साडेपाच कापायचे. आठ काय आणि साडेपाच काय, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

मास्तरांकडे शाळेची इंचाची पट्टी होती. पाटलांकडे आजोबांचा सुतारी गज होता आणि त्यावर तसू होते. तसू इंचाहून जरासा मोठा!

जहाजाला डावीकडून थोडं पोट सुटलेलं दिसत होतं. पण वसंता म्हणाला, "नजरेचा फेर आहे," आणि आम्हाला ते पटलं.

राजघाटावर नारळ फोडला आणि गुराब तापीत सोडली. वारा चांगला होता. शिडं फुगली, जहाज निघालं, आमच्या अंगावर काटा आला. थोडं पुढे जाऊन ते डावीकडे वळलं. मग आणखी वळलं. मग पूर्ण गिरकी घेऊन आमच्या पायाशी येऊन थांबलं. परत ढकललं, परत तेच! घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी धुणं सोडून टाळ्या वाजवल्या.

मास्तरांचा चेहरा पडला. पाटील म्हणाले, "त्याची काय गलती वो मास्तर? त्याले घरी वापस यायचं असंल!"

*

शिडांचं खातं वसंताकडे. शीड ताठ दिसलं पाहिजे, अशी मास्तरांची ऑर्डर. वसंतानं दुकानातलं उत्तम मांजरपाट काढलं, त्याला ज्वारीच्या पिठाची खळ दिली. एकदा नाही, चांगली तीनदा! शिडं दुकानामागे दोरीवर वाळत घातली आणि गिऱ्हाईक बघायला आत गेला.

बाहेर आला तेव्हा शेजारची शेळी मुख्य शीड संपवून दुसऱ्याला लागली होती.

जुन्या काळी शिडं वादळात फाटायची, तोफेच्या गोळ्यानं जळायची. आमचं आरमार शेळीनं खाल्लं! मास्तर संतापले. वसंता मात्र जातीचा दुकानदार. उरलेला तुकडा बोटांत चोळून म्हणाला, "मास्तर, कपडा चोख्खा होता म्हणून खाल्ला. बाजूच्या दुकानाचं कापड तिनं हुंगलं पण नाही!"

*

मग मास्तरांनी ठरवलं की बस झालं, आपणच समुद्र बघून यायचा. पनवेलला मामेबहिणीकडे लग्न होतं. खाडी घराजवळच होती आणि समुद्राचं पाणी तिथंच आत येतं, असं मंडळी सांगत होती. मास्तर वही-पेन्सिल घेऊन गेले. आम्ही स्टेशनवर हार घालून निरोप दिला.

मास्तर परत आले. पाटलांनी विचारलं, "मंग, कसा आहे समुद्र?"

"नव्हता," मास्तर म्हणाले.

"नव्हता म्हंजे?"

"मी गेलो तेव्हा पाणी नव्हतं. नुसता चिखल. होड्या आडव्या पडल्या होत्या. मला वाटलं, आटला. वऱ्हाडाची गाडी सुटायची होती, मी परत आलो."

भरती-ओहोटी नावाची गोष्ट असते, हे ड्रॉइंगच्या मास्तरांना भूगोलाच्या मास्तरांनी नंतर सांगितलं. पाटलांचा मात्र समुद्रावरचा विश्वास त्या दिवशी उडाला. "आपली तापी बरी," ते म्हणाले. "उन्हाळ्यात बारीक होते, पण दुपारच्या दुपारी घर सोडून नाही जात!"

*

तिसरी गुराब सुरेख झाली. माप एकच, गज पाटलांच्या घरी कुलपात, शेळी बांधलेली. सागवान खकनारच्या बाजूचं, तोफा पितळेच्या, नाळ, म्हणजे पुढचं टोक, अशी की बघत राहावं. त्याच वेळी गावात सरकारी प्रदर्शन भरलं. मास्तर गुराब डोक्यावर घेऊन गेले.

भोपाळकडचे एक साहेब होते. जहाज बघून म्हणाले, "मास्टरजी, चीज़ तो बढ़िया है। मगर अपने प्रदेश में समुंदर कहाँ है?"

प्रश्न बरोबर होता. जहाज शेतीच्या मंडपात बसेना, हातमागाच्या मंडपात बसेना. शेवटी साहेबांना उपाय सुचला. "पानी की चीज़ है ना? मछलीवालों के पास रख दो!"

तीन दिवस आमची गुराब मत्स्यपालनाच्या मंडपात, माशांच्या बरण्या आणि जाळ्यांच्या मध्ये उभी होती. येणारा प्रत्येकजण वाकून आत बघायचा आणि विचारायचा, "मछली किधर है?" मास्तर घसा बसेपर्यंत सांगत राहिले की हे लढाऊ जहाज आहे. शेवटी साहेबांनी उत्तेजनार्थ बक्षीस जाहीर केलं, मासेमारीच्या सुधारित नावेसाठी!

"या तोफांचं काय?" मास्तर कळवळून ओरडले.

पाटलांनी त्यांचा दंड धरला. "सांगा ना, मोठ्या मच्छीसाठी हाय म्हणून!"

मास्तर हसले नाहीत. घरी येताना म्हणाले, "पाळणा झाला, गव्हाण झाली, आता मासेमारी. पाटील, मी आता रंधा ठेवून देतो." आणि खरंच ठेवला. मंडळ बंद पडल्यातच जमा होतं. मास्तर आमच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि चहा पाणचट व्हायला लागला. मला ते दिवस मुळीच आवडले नाहीत.

*

नेपानगरला कागद कारखान्यात नोकरीवर आलेला एक कोकणी फोरमन वसंताच्या दुकानात कापड घ्यायला यायचा. एकदा म्हणाला, "वडील आलेत देवगडहून. जन्म गलबतावर गेला, तांडेल होते, खलाशांचे म्होरके. इथं त्यांना करमत नाही, दिवसभर नळाकडे बघत बसतात."

वसंतानं कापड तसंच सोडलं. पुढच्या रविवारी बापलेकांना घेऊनच मास्तरांच्या घरी आला.

मास्तर नको नको म्हणत होते. "अहो, ते खरे दर्यावर्दी. ते हसले तर मी कुठं तोंड दाखवू?" पाटलांनी त्यांना जवळजवळ ढकलतच मागच्या पडवीत नेलं. पडवीत खिळे, तारा, लाकडाची कुसळं पडलेली, त्यामुळे आम्ही सगळे तिथं चपला घालूनच वावरायचो. तांडेलही चपला घालूनच आले. वाळका, उंच म्हातारा, डोळे बारीक केलेले.

तांडेल गुराबेसमोर उभे राहिले. नाळेपासून मागे गेले, सुकाणू पाहिलं, पुन्हा पुढे आले. एक दोर ताणून पाहिला. चेहऱ्यावर काही नाही! मास्तरांनी डोळे मिटून घेतले. पाटलांना गप्प बसवेना, "आजोबा, काही गलती असंल तर सांगजा, आम्ही समुद्र पाह्यला नाही," असं ते म्हणाले. म्हाताऱ्यानं लक्षच दिलं नाही.

मग ते वाकले. एका हातानं भिंत धरून आधी एक चप्पल काढली, मग दुसरी. दोन्ही बाजूला सरकवल्या, पुढे झाले आणि गुराबेच्या फळ्यांवर अलगद तळवा ठेवला.

फोरमन घाईनं म्हणाला, "बाबा, खाली खिळे आहेत! चपला घाला, पायात जातील!"

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही.

"गलबतार कोण चपला घालून चढता रे?"