भिंतीवरचा वॉचमन

पेंटरबाईंचा जन्म नवऱ्याबरोबर दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला, पण त्यांना खरा नाद माणसांचा. कुणाचं नाक, कुणाचं पोट, कुणाची चालायची ढब, चार रेघांत पकडायच्या. ज्याचं चित्र काढलं तो सोडून बाकी सगळे पोट धरून हसायचे.

कॉलेजच्या जुन्या इमारतीची बाजूची भिंत प्राचार्यांनी बाईंच्या हवाली केली, तेव्हा त्या हरखून गेल्या. ही इमारत मुळात कापडाचा कारखाना. तो बंद पडल्यावर तिथल्याच कामगारांनी आत रात्रशाळा काढली आणि तिचंच पुढे कॉलेज झालं.

"ही गोष्ट भिंतीवर दिसायला हवी," प्राचार्य म्हणाले. "आणि माणसं आपली, ओळखीची हवीत."

बाई वस्तीत घरोघर हिंडल्या, म्हाताऱ्यांकडून जुने फोटो मागून आणले. मागावर बसलेल्या बायका, कंदिलाच्या उजेडात अक्षरं गिरवणारे बाप्ये, एकेक करत भिंत भरत गेली. शेवटी फाटकाजवळचा कोपरा उरला. तिथे आजचं कॉलेज यायचं होतं.

फाटकावर वॉचमनकाका असायचे. साठी उलटलेली, बोलणं कमी. बाई शिडीवर चढल्या की ते खाली येऊन शिडी धरून उभे राहायचे. कुणी सांगितलं नव्हतं. "फरशी गुळगुळीत आहे, बाई. सरकायची," एवढंच म्हणायचे. दुपारी मात्र खुर्चीत टेकले की त्यांचा डोळा लागायचा. तोंड उघडं, टोपी नाकावर.

बाईंनी नेमकं तेच काढलं. वर डोक्यावर एक कबुतरही बसवलं.

उद्घाटनाला सगळी वस्ती लोटली. मागावरची आपली आजी ओळखून एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण गर्दी हटेना ती त्या कोपऱ्यापासून. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. काकाही हसले. "बरं काढलंय की," म्हणाले.

काही दिवसांनी बाई भिंतीला वॉर्निश मारायला गेल्या. काका फाटकाशी उभे होते, खुर्ची बाजूला रिकामी. दोन पोरं चित्राशेजारी माना टाकून, तोंडं उघडी ठेवून फोटो काढत होती. जाता जाता एक ओरडला, "काका, उठा, चोर आला!"

"काका, बसा ना जरा," बाई म्हणाल्या. काका उभेच राहिले.

कॅन्टीनवाल्या मावशींनी बाईंना बाजूला घेतलं. "त्या दिवसापासून बसलेच नाहीत ते. पाय बघितलेत का सुजलेले?"

घरी बाईंनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "मी काही खोटं काढलं का?" त्या नवऱ्यावरच तडकल्या.

"खरं होतं म्हणून तर लागलं त्यांना," नवरा म्हणाला. "तू वर असताना शिडी कोण धरायचं गं?"

बाईंची कानशिलं तापली. काकांचे ते हात त्यांनी रोज वरून पाहिले होते. ते काढावेत असं एकदाही मनात आलं नव्हतं.

सकाळी उठून त्या तडक फाटकावर गेल्या. "काका, माझं चुकलं."

"चुकलं कसलं? झोपायचो तो झोपायचोच मी." काकांनी टोपी सारखी केली. "नात पुढच्या वर्षी इथेच शिकायला येतेय. तेवढं बघा."

बाईंनी त्याच दिवशी तो कोपरा पांढरा केला आणि नव्याने काका काढले. फाटकाला हात लावून उभे, डोळे उघडे. पोरं जमली. "अहो, आधीचं भारी होतं!"

"आधीचं वाईट होतं. मी वाईट काढलं होतं," बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या.

काका पुन्हा खुर्चीवर बसू लागले, पण ताठ, पाठ न टेकता.

पुढच्या वर्षी बाई उडालेला रंग भरायला गेल्या, तेव्हा एक मुलगी जवळ आली. "तुम्हीच ना पेंटरबाई? आजोबांचं ते झोपलेलं चित्र मुलांनी मोबाईलवर दाखवलं मला. हुबेहूब काढलं होतंत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच बाईंना सोसवेना. माफी मागायला शब्द जुळवेपर्यंत तासाची घंटा झाली आणि मुलगी जिना चढून गेली.